१/१७ चा दशांश संपतही नाही आणि पुन्हा येतही नाही, मग ही संख्या अपरिमेय का नाही?

नववीची_आई
मुलगी नववीत आहे, सध्या 'वास्तव संख्या' हे प्रकरण सुरू आहे. परिमेय संख्येचे (म्हणजे पूर्ण संख्यांच्या अपूर्णांकाचे) दशांश रूप खंडित (संपणारे) किंवा अखंड आवर्ती (न संपणारे, पण तोच गट पुन्हा पुन्हा येणारे) असते आणि अपरिमेय संख्येचे अखंड अनावर्ती, एवढे तिला पाठ आहे. पण काल तिने तीन प्रश्न विचारले आणि त्यांची नीट उत्तरे तिला मिळावीत असे मनापासून वाटते.

एक, कॅल्क्युलेटरवर १ भागिले १७ केले की ०.०५८८२३५२९ येते. कुठेच काही पुन्हा आलेले दिसत नाही. मग ही अपरिमेय का नाही?

दोन, √२ म्हणजे १.४१४२१३५६२... हेही अगदी तसेच दिसते. एक लाख अंकांनंतर इथे आवर्तन सुरू होणार नाही, हे कोणी पाहिले आहे?

तीन, वर्तुळाच्या उदाहरणांत 'पायची किंमत २२/७ घ्या' असे लिहिलेले असते. २२/७ तर सरळसरळ परिमेय आहे. मग पाय अपरिमेय कशी?

क्लासमध्ये पोर्शन संपवायची घाई असते, तिथे हे विचारता येत नाही. 'पाठ कर आणि पुढे जा' असे मला तिला सांगायचे नाहीये. इथे गणिताची माणसे आहेत, म्हणून धागा काढला.

खडू_फळा
ताई, तिन्ही प्रश्न फार चांगले आहेत. नाशिक रोडला बरीच वर्षे गणित शिकवले, पण दुसरा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत विचारणारी मुले थोडीच भेटली. एकेक घेऊ.

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि तिला १ ला ७ ने कागदावर भागायला सांगा. वर येणाऱ्या अंकांकडे सध्या बघायचे नाही, खाली उरणाऱ्या बाकीकडे बघायचे. १० मध्ये ७ एकदा, बाकी ३. ३० मध्ये चार वेळा, बाकी २. २० मध्ये दोनदा, बाकी ६. ६० मध्ये आठ वेळा, बाकी ४. ४० मध्ये पाच वेळा, बाकी ५. ५० मध्ये सात वेळा, बाकी १. आता १ वर शून्य घेतले की पुन्हा १०. म्हणजे जिथून निघालो तिथेच आलो, आणि इथून पुढे सगळे जसेच्या तसे घडणार. वरचे अंक १४२८५७ असे आले, तेच पुन्हा पुन्हा येत राहतील.

हे व्हायचेच होते. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच एक असणार (० आली तर भागाकारच संपला). सहा खुर्च्या असतील तर सातव्या माणसाला कोणाच्या तरी मांडीवरच बसावे लागते. तसेच १७ ने भागताना बाकीच्या जागा सोळाच, त्यामुळे फार तर सोळा अंकांनंतर आवर्तन आलेच पाहिजे. १/१७ ने त्या सगळ्या सोळा जागा वापरल्या आहेत: ०.०५८८२३५२९४११७६४७, आणि पुन्हा ०५८८... तिच्या कॅल्क्युलेटरची खिडकी दहा-बारा अंकांची, म्हणून आवर्तन दिसायच्या आधीच पडदा पडला.

अंश आणि छेद पूर्ण संख्या असतील तर आवर्तन अटळ आहे, मग छेद १७ असो की सतरा लाख. सतरा लाखांच्या आसपासच्या छेदाला आवर्तन लाखो अंकांचेही असू शकते. ते डोळ्यांना दिसायची गरज नाही.

√२ चे रात्री लिहितो, जरा सविस्तर लिहावे लागेल.

सातपूर_टर्नर
वाचतोय. सर, एक विचारू का? आमच्याकडे जुनी माणसे अजून सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंच २५.४ मिमी, म्हणून सूत ३.१७५ मिमी, बरोब्बर संपते. इंचाचा चौसष्टावा भाग काढला तरी ०.३९६८७५, तोही संपतो. इंचाच्या टेबलात न संपणारा आकडा मला कधी भेटला नाही. हे कसे काय?

खडू_फळा
कारण इंचाचे भाग निम्म्याने पडत जातात. २, ४, ८, १६, ३२, ६४. आपली दशांश पद्धत १० वर उभी आहे आणि १० म्हणजे २ गुणिले ५. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील, तर छेदाला योग्य संख्येने गुणून १०, १००, १००० असे काहीतरी करता येते आणि दशांश संपतो. ३/४० म्हणजे ७५/१०००, झाले ०.०७५. छेदात ३, ७, ११ असा एक जरी परका अवयव शिरला की १० चा कुठलाच घात त्याला पुरा पडत नाही, म्हणून दशांश न संपता आवर्ती होतो.

तुमचा २५.४ हा आकडा १९५९ पासून व्याख्येनेच नेमका ठरलेला आहे. म्हणून तिथेही काही उरत नाही.

पंचवटीची_आजी
आम्ही शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळे घोकले आहे. सरांचे वाचून लक्षात आले की त्या सगळ्या पाढ्यांत छेद दोन नाहीतर चारच होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, तिथेही तेच. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा चार आण्याचे पंचवीस आणि आठ आण्याचे पन्नास सरळ झाले, पण एक आणा म्हणजे सव्वासहा. दुकानात सहा धरायचे. त्या वेळच्या कुरबुरी आठवतात.

खडू_फळा
आजी, फार सुंदर उदाहरण दिलेत. १/१६ रुपया म्हणजे ०.०६२५, छेदात फक्त २, म्हणून संपला. पण आण्याचे बारा पै होते, म्हणजे रुपयाचे १९२. १९२ मध्ये एक ३ लपलेला आहे. त्यामुळे एक पै म्हणजे ०.५२०८३३३३... नवे पैसे. हा आकडा कितीही स्थळांपर्यंत लिहिला तरी पुरा होत नाही.

निफाडचा_बागायतदार
आमचे एक हेक्टरचे क्षेत्र तिघा भावांत वाटले. एकेकाला ३३३३.३३ चौरस मीटर, पुढे तीनच तीन. शेवटी कागदावर ३३३३, ३३३३ आणि ३३३४ असे मांडले, धाकट्याला एक चौरस मीटर जास्त गेला, कोणाचे काही म्हणणे नाही. पण माझ्या मनात राहून गेले की खरा तिसरा हिस्सा म्हणून काही असतो की नाही? जर आकडा संपतच नाही तर जमीन नेमकी कुठे संपते?

खडू_फळा
दादा, जमीन १/३ वर नेमकी संपते. १/३ ही पूर्णपणे ठरलेली संख्या आहे, तिच्यात काहीच धूसर नाही. ती दहाच्या घरांत लिहायला गेलो की लिखाण संपत नाही, एवढेच. दहाऐवजी बाराच्या पायावर मोजणारे लोक असते तर त्यांनी एक तृतीयांश ०.४ असा एका अंकात लिहिला असता, आणि आपला सरळसाधा १/५ त्यांच्याकडे आवर्ती झाला असता. खंडित की आवर्ती हे पाया कोणता घेतला त्यावर बदलते. परिमेय की अपरिमेय हे कुठल्याच पायाने बदलत नाही. मुलीला हे जरूर सांगा ताई, कारण पुस्तकात दोन्ही गोष्टी शेजारी येतात आणि सारख्याच वजनाच्या वाटतात.

कोडकरी
याच मुद्द्यावर आमच्या कामातले. कॉम्प्युटरचा पाया २. तिथे १० मधला ५ हा परका अवयव. म्हणून ०.१ तिथे आवर्ती होतो: ०.०००११००११००११... मशीन ठरावीक जागेनंतर तो कापते. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत ०.१ + ०.२ केले तर ०.३०००००००००००००००४ येते. नव्या मुलांना वाटते मशीन बिघडले. आम्ही पैशांचा हिशेब ठेवताना रुपये दशांशात न ठेवता पैसे पूर्णांकात ठेवतो, ते यासाठीच.

हे कापणे जिवावरही बेतले आहे. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियात धाहरान इथे अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेने येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवले नाही, २८ सैनिक गेले. यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होते आणि तो १/१० चोवीस बिटांत कापलेला होता. यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू होती, तेवढ्यात साठत साठत चूक साधारण ०.३४ सेकंदाची झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जाते.

चौकस
एक शंका. १/३ = ०.३३३... याला ३ ने गुणले तर डावीकडे १ आणि उजवीकडे ०.९९९... मला हे पटत नाही. ०.९९९... हे १ पेक्षा किंचित तरी कमी असणारच.

खडू_फळा
किती कमी ते सांगा. ०.१ ने? नाही, कारण ०.९९ च त्याहून जवळ आहे. ०.००१ ने? तेही नाही. तुम्ही कितीही लहान धन संख्या सांगा, फरक तिच्याहूनही लहान निघतो. प्रत्येक धन संख्येहून लहान आणि ऋण नसलेली संख्या एकच, शून्य. फरक शून्य, म्हणजे दोन्ही एकच.

'०.९९९...' मधली टिंबे म्हणजे कोणीतरी एकामागून एक ९ लिहीत बसले आहे असे समजलात तर गोंधळ होणारच. सगळे ९ आधीच आहेत. खंडित असलेल्या प्रत्येक धन संख्येला अशी दोन रूपे असतात: ०.५ आणि ०.४९९९... हीसुद्धा एकच संख्या.

नववीची_आई
मुलीने १/१७ पूर्ण भागून काढले, सोळाच्या सोळा बाक्या वहीत ओळीने लिहिल्या! खूप खूश आहे. तिचा पुढचा प्रश्न: ०.१०१००१०००१००००१... अशी संख्या तिने बनवली. यात तर शिस्त आहे, पुढचा अंक सांगता येतो. मग परिमेय ना?

खडू_फळा
नाही, अपरिमेय! आणि तिने स्वतः बनवली याचा मला फार आनंद झाला. आवर्ती म्हणजे ठरावीक लांबीचा तोच गट पुन्हा पुन्हा. इथे दोन एकांमधली शून्ये वाढतच जातात. समजा गट शंभर अंकांचा आहे. पुढे कुठेतरी सलग दोनशे शून्ये येतील, त्यांत एक अख्खा गट बसेल, म्हणजे गटात सगळी शून्येच. मग त्यानंतर १ कधीच यायला नको, पण येतो. गट कितीही अंकांचा माना, हेच होते. 'पुढचे सांगता येते' आणि 'आवर्ती आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता √२. आधी एक दुवा जोडायचा राहिला आहे. परिमेय असेल तर आवर्ती, हे भागाकारावरून झाले. उलटही खरे आहे. क = ०.३६३६३६... माना, तर १०० क = ३६.३६३६..., वजा केल्यावर ९९ क = ३६, म्हणून क = ४/११. कुठल्याही आवर्ती दशांशाला ही युक्ती लागू पडते. म्हणजे आवर्ती असणे आणि पूर्ण संख्यांचा अपूर्णांक असणे या एकाच गोष्टीच्या दोन बाजू झाल्या.

यातच मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. लाख अंक कोणी बघत बसायचे नाहीत. √२ हा अपूर्णांक असूच शकत नाही एवढे दाखवले की आवर्तन कधीही येणार नाही याची हमी मिळते, लाखाव्या अंकाचीही आणि त्यापुढच्या सगळ्यांचीही.

पुस्तकात सम-विषमाची सिद्धता आहे. मी दुसरी देतो, ती शेवटच्या अंकावर चालते आणि मुलांना हातात धरल्यासारखी वाटते. समजा √२ = अ/ब, अतिसंक्षिप्त रूपात. म्हणजे अ² = २ब². कुठल्याही वर्ग संख्येच्या एकक स्थानी ०, १, ४, ५, ६, ९ यांपैकीच अंक असतो. (तिला १ ते १० चे वर्ग लिहून तपासू द्या.) त्यांची दुप्पट केली की एकक स्थानी ०, २ किंवा ८ येते. डावीकडच्या आणि उजवीकडच्या यादीत सामाईक अंक एकच, ०. म्हणून अ² च्या शेवटी ०, म्हणजे अ च्या शेवटीही ०. आणि २ब² च्या शेवटी ० यायचे तर ब² च्या शेवटी ० किंवा ५, म्हणजे ब च्या शेवटीही ० किंवा ५. मग अ आणि ब दोघांनाही ५ ने भाग जातो. पण आपण तर अतिसंक्षिप्त रूप घेतले होते! विसंगती. असा अपूर्णांक नाही.

सहा-सात ओळींत अनंत अंकांबद्दलचा निकाल लागतो. इतकी वर्षे शिकवूनही फळ्यावर हे लिहिताना दर वेळी तितकेच छान वाटायचे.

सातपूर_टर्नर
सर, सिद्धता समजली, दोनदा वाचली. पण कामात मात्र असे दिसते. २५ मिमीचा चौकोन काढायचा असेल तर राउंड बार कर्णाएवढा तरी हवा, २५ गुणिले √२, म्हणजे ३५.३५५३३... आम्ही ३५.३६ धरतो आणि ३६ चा बार घेतो. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सगळ्यात लहान माप, ०.०१ मिमी. मोजून जे येते ते नेहमी संपणारेच. मग अपरिमेय लांबी प्रत्यक्षात कुठे सापडते?

खडू_फळा
मोजून ती कधीच सापडणार नाही, आणि परिमेयही मोजून सिद्ध होणार नाही. मोजमाप आपल्याला दोन खुणांमधली जागा देते, ३५.३५ आणि ३५.३६ च्या मधली. त्या फटीत परिमेय संख्याही अनंत आणि अपरिमेयही अनंत. त्यामुळे कितीही बारीक यंत्र आणले तरी ते निवाडा देऊ शकत नाही. तो निवाडा फक्त सिद्धता देते. मला हे या प्रकरणातले सगळ्यात मोलाचे वाटते आणि वर्गात नेमके तेच घाईत निसटते.

कामाला मात्र जवळचा अपूर्णांक पुरतो, आणि आपल्याकडे तो फार पूर्वीपासून काढलेला आहे. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी आखण्यासाठी चौरसाच्या कर्णाची रीत दिली आहे: १ + १/३ + १/(३×४) − १/(३×४×३४). बेरीज ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५... खऱ्या √२ शी पाच दशांश स्थळांपर्यंत जुळते. तुमच्या २५ मिमीच्या चौकोनात याने पडणारा फरक तुमच्या मायक्रोमीटरलाही दिसणार नाही.

पंचवटीची_आजी
मग सिंहस्थाचे बारा वर्षांचे गणितही असेच जवळचे का?

खडू_फळा
हो आजी. गुरूची सूर्याभोवतीची फेरी सुमारे ११.८६ वर्षांची, आपण बारा धरतो. दर फेरीला थोडा फरक साठतो, म्हणून क्वचित कुंभमेळा अकराव्या वर्षी येतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ ला आला तो यामुळेच. पण ११.८६ परिमेय की अपरिमेय असे विचारण्यात अर्थ नाही, कारण तो मोजलेला आकडा आहे.

नववीची_आई
आणि पाय?

खडू_फळा
२२/७ ही पायची किंमत नाही, पायच्या जवळचा अपूर्णांक आहे. पाय ३.१४१५९२६..., तर २२/७ म्हणजे ३.१४२८५७१..., तिसऱ्या दशांश स्थळालाच दोघांची वाट वेगळी होते. १०० मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या परिघात सुमारे १२.६ सेंटिमीटरचा फरक पडतो. आर्किमिडीजने पाय २२/७ हून लहान आणि २२३/७१ हून मोठी असल्याचे दाखवले. आर्यभटांनी २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि तो जवळपासचा आहे हे त्याच श्लोकात नोंदवले. आपल्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळ पाटण इथे ज्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे त्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दोन्ही किमती दिल्या आहेत: सूक्ष्म हवी तर ३९२७/१२५०, व्यवहारापुरती स्थूल हवी तर २२/७. बाराव्या शतकात इतके स्पष्ट सांगितलेले आहे. आजच्या उदाहरणांतही 'पायची किंमत' ऐवजी 'पायची स्थूल किंमत' एवढा एक शब्द घातला तर मुलांचा केवढा गोंधळ वाचेल!

पाय अपरिमेय असल्याची पहिली सिद्धता योहान लँबर्ट यांची, १७६१ ची. ती √२ सारखी सोपी नाही, तिला कलनशास्त्र लागते, बारावीनंतर मुलगी जरूर वाचू शकेल. आज संगणकाने पायचे लाखो कोटी अंक काढलेले आहेत, पण त्या अंकांवरून अपरिमेयता ठरलेली नाही, ती लँबर्टच्या सिद्धतेवर उभी आहे.

चौकस
०.९९९... वर रात्रभर विचार केला, फरक शून्य हे पटले. आता १४२८५७ च्या मागे लागलोय. २ ने गुणले २८५७१४, ३ ने ४२८५७१, तेच अंक फिरून येतात. ७ ने गुणले तर ९९९९९९!

खडू_फळा
ते अंक म्हणजे त्याच सहा बाक्यांची फेरी, फक्त सुरुवात वेगळ्या बाकीपासून. २/७ ची सुरुवात बाकी २ पासून, म्हणून २८५७१४. आणि या संख्येचे नाशिकशी जवळचे नाते आहे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करा, २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करा: १४२८५७. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. ६१७४ चा कापरेकर स्थिरांक त्यांचाच. हातात कागद-पेन्सिल आणि संख्यांची ओढ, एवढ्यावर त्यांनी हे केले. मुलीला ४५ आणि २९७ हे दोन आकडे द्या, वर्ग करून तुकडे जोडायला सांगा.

नववीची_आई
४५ चा वर्ग २०२५, २० + २५ = ४५. २९७ चा ८८२०९, ८८ + २०९ = २९७. झाले! तिने आता १/१३ भागले. तिला बारा अंकांचे आवर्तन हवे होते, पण ०७६९२३ असे सहाच आले. बाकीच्या सहा बाक्या कुठे गेल्या म्हणतेय.

खडू_फळा
तिला २/१३ भागायला सांगा. १५३८४६ येईल. १/१३ मध्ये बाक्या येतात १, १०, ९, १२, ३, ४. २/१३ मध्ये २, ७, ५, ११, ६, ८. बाराही सापडल्या, दोन स्वतंत्र फेऱ्यांत वाटल्या गेल्या आहेत. ७, १७, १९, २३, २९ या मूळ संख्यांना एकच पूर्ण फेरी असते, १३ ला दोन. १/१९ चे आवर्तन अठरा अंकांचे येईल, ते तिने हातानेच काढावे. आणि एकच पूर्ण फेरी असणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. हेही तिला सांगा.